श्रेढीची गणितं सोडवताना: गावातल्या मुलांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संध्याकाळी वावरातून माणसं घरी परतली की आमच्या गावातल्या समाजमंदिरात दहावी-अकरावीची पोरं जमतात. तिथं मी गणित शिकवतो. श्रेढी म्हणजे ठरावीक नियमानं पुढे जाणारी संख्यांची ओळ, आणि त्या ओळीतली प्रत्येक संख्या म्हणजे पद. हा धडा निघाला की दरवर्षी तेच प्रश्न नव्या तोंडातून येतात. त्यांची उत्तरं इथं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत.

फळ्यावर मी मराठी अक्षरं वापरतो, इथंही तीच ठेवतो. प म्हणजे पहिलं पद, फ म्हणजे साधारण फरक, ग म्हणजे गुणोत्तर, न म्हणजे पदांची संख्या, श म्हणजे शेवटचं पद आणि ब म्हणजे बेरीज. पुस्तकात यांच्या जागी इंग्रजी अक्षरं असतात. परीक्षेत तीच लिहा.

गणित वाचलं की कोणती श्रेढी आहे हेच कळत नाही. सुरुवात कुठून करू?

सूत्र आठवण्याआधी पहिली तीन-चार पदं हातानं लिहा. मग एकच गोष्ट शोधायची: यात सारखं काय राहतं?

शेजारच्या पदांची वजाबाकी करून पाहा. ती सगळीकडे सारखी आली तर अंकगणिती श्रेढी. नाही आली तर भागाकार करा. तो सारखा आला तर गुणोत्तर श्रेढी, काही पुस्तकांत हिलाच भूमितीय श्रेढी म्हणतात. तोही जुळला नाही तर प्रत्येक पद उलटं करा, म्हणजे १ भागिले ते पद, आणि पुन्हा वजाबाकी करा. आता फरक सारखा आला तर मूळची श्रेढी हरात्मक.

१२, ६, ४, ३ घ्या. वजाबाकी करा: −६, −२, −१. जुळत नाही. भागाकार करा: १/२, २/३, ३/४. तोही नाही. आता उलटं करा: १/१२, १/६, १/४, १/३, म्हणजेच १/१२, २/१२, ३/१२, ४/१२. फरक प्रत्येक वेळी १/१२. श्रेढी हरात्मक आहे आणि पुढचं पद १२/५, म्हणजे २.४.

तिन्ही कसोट्या फसल्या तर ती या तिघींपैकी कोणतीच नाही, आणि तसंही असू शकतं. कपाशीचा पहिला, दुसरा, तिसरा वेचा उतरत जातो म्हणून तो गुणोत्तर श्रेढीतच उतरतो असं नसतं. कमी-कमी होणं वेगळं आणि ठरावीक गुणोत्तरानं कमी होणं वेगळं.

सूत्रात (न − १) काहून येते सर? सरळ न काहून नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण श्रेढीतल्या निम्म्या चुका याच्याभोवती होतात.

दहावीतल्या एका मुलीच्या वडिलांना वावराच्या एका बाजूला तारेचं कुंपण करायचं होतं. बाजू ३०० फूट, दर १० फुटांवर एक खांब. तिनं भागाकार केला, ३० खांब सांगितले आणि तेवढेच आणले गेले. धुऱ्यावर पहिला खांब गाडला, मग दहा फुटांवर दुसरा, असं करत शेवटच्या कोपऱ्यावर आले तर खड्डा तयार आणि खांब संपलेले. दुसऱ्या दिवशी ती वर्गात येऊन म्हणाली, "सर, अंतरं तीसच होते, पण खांब एकतीस लागले." त्या दिवशी मी (न − १) वेगळं शिकवलंच नाही. तिनं शिकवलं होतं.

खांब म्हणजे पदं आणि दोन खांबांमधली जागा म्हणजे फरक. पहिल्या पदापासून एकतिसाव्या पदापर्यंत पोचायला तीसच उड्या माराव्या लागतात. म्हणून:

श = प + (न − १) × फ

हेच उलटं लिहिलं की पदं मोजण्याचं सूत्र मिळतं: न = (श − प)/फ + १. तीन अंकी संख्यांपैकी ७ ने भाग जाणाऱ्या किती, असं विचारलं तर पहिली १०५, शेवटची ९९४. (९९४ − १०५)/७ = १२७, अधिक १, म्हणजे १२८. तो शेवटचा १ विसरला की कुंपणाचा एक खांब कमी.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. चौकोनी वावराला चारही बाजूंनी कुंपण केलं, घेर १२०० फूट भरला, तर खांब १२० च लागतात, १२१ नाही, कारण शेवटचं अंतर पुन्हा पहिल्याच खांबाला येऊन मिळतं. बाजूगणिक ३१ धरून १२४ सांगणारी मुलं चारही कोपऱ्यांचे खांब दोनदा मोजतात.

बेरजेचं सूत्र पाठ आहे, पण ते कुठून आलं?

विहीर खोदायचं घ्या. जुनी माणसं विहिरीची खोली परसात सांगतात. परस म्हणजे साधारण एका पुरुषाच्या उंचीएवढं माप. जसजसं खाली जावं तसतशी माती वर काढायला जास्त मेहनत पडते, खाली मुरूम लागतो, मग खडक. म्हणून खोदणारे वाढता दर सांगतात. समजा पहिल्या परसाला ९,००० रुपये आणि पुढच्या प्रत्येक परसाला १,००० जास्त. पाच परसांचा खर्च किती?

हजारांत लिहू: ९, १०, ११, १२, १३. त्याखाली हीच ओळ उलटी लिहा: १३, १२, ११, १०, ९. आता वरच्या-खालच्या जोड्या जुळवा. प्रत्येक जोडी २२. अशा पाच जोड्या म्हणजे ११०. पण आपण खर्च दोनदा लिहिलाय, म्हणून निम्मे, ५५. पंचावन्न हजार. सूत्रात दुसरं काही नाही:

ब = न/२ × (प + श)

यातल्या श च्या जागी प + (न − १)फ घातलं की ब = न/२ × [२प + (न − १)फ] मिळतं. ही दोन सूत्रं नव्हेत, एकच आहे. शेवटचं पद माहीत असेल तर पहिलं वापरा, आकडेमोड अर्ध्यावर येते.

हा हिशेब चुकला की घरचे पैसे जातात. शेवटच्या परसाचा दर १३,००० आहे म्हणून कुणी सगळ्याच परसांना तोच लावला तर ६५,००० होतात, म्हणजे दहा हजार जास्त. अंकगणिती श्रेढीत सरासरी दर बरोबर मधला असतो, इथं ११,०००. त्याला पाचनं गुणा, पुन्हा ५५,०००.

मधल्या पदावरून बेरीज काढायची ही रीत फार जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या लीलावतीत श्रेढीव्यवहार नावाचं प्रकरणच आहे. पहिल्या पदाला तिथं आदि किंवा मुख, फरकाला चय, पदसंख्येला गच्छ म्हटलंय. मध्यधन काढा, गच्छानं गुणा, सर्वधन मिळेल. आपल्या विहिरीचं गणित हेच सांगतं.

न ची दोन उत्तरं आली, एक उणे. किंवा न अपूर्णांकात आला. आता?

त्याच विहिरीवर थांबू. जवळ एक लाख रुपये आहेत. किती परस खोदून होईल?

हजारांत: न/२ × [१८ + (न − १)] = १००. सोडवलं की न² + १७न − २०० = ०, म्हणजे (न + २५)(न − ८) = ०. न = ८ किंवा न = −२५. उणे पंचवीस परस विहीर खोदता येत नाही, म्हणून ते उत्तर सोडायचं आणि सोडलं असं एका वाक्यात उत्तरपत्रिकेत लिहायचं. "पदसंख्या ऋण असू शकत नाही, म्हणून न = ८." हे वाक्य पुष्कळ मुलं गाळतात. पडताळा: ९ पासून १६ पर्यंतची बेरीज १००. जमलं.

न अपूर्णांकात आला तर दोन शक्यता. प्रश्न "कितवं पद १५० आहे?" असा असेल तर १५० हे त्या श्रेढीत नाहीच, आणि तेच उत्तर. प्रश्न "एवढ्या पैशात किती?" असा असेल तर खालची पूर्ण संख्या घ्या. आकडा पाहून नव्हे, प्रश्न पाहून ठरवा.

कधी दोन्ही उत्तरं धन येतात आणि दोन्ही खरी असतात. २०, १६, १२, ८, ४, ०, −४… या श्रेढीत बेरीज ६० कधी होते? पाच पदांनंतर ६०, सहाव्या पदाला शून्य मिळवलं तरी ६०. दोन्ही लिहा.

शब्दगणितात गोंधळ होतो. संत्र्याच्या झाडांना पाणी घालायचं गणित समजावून सांगा.

हे गणित बोर्डाच्या वळणाचं आहे आणि वरूड-मोर्शीकडच्या मुलांना तर डोळ्यापुढं दिसतं. एका ओळीत १५ कलमं, दोन कलमांत १८ फूट. ओळीच्या सरळ रेषेत विहीर, पहिल्या कलमापासून २० फुटांवर. एका खेपेला एकच बादली. सगळ्या कलमांना पाणी घालून विहिरीवर परत यायला एकूण किती चालणं होईल?

मुलं घाईनं फरक १८ धरतात. कागदावर ओळ काढा आणि बोट फिरवा. पहिलं कलम: जाणं २०, येणं २०, म्हणजे ४०. दुसरं: जाणं ३८, येणं ३८, म्हणजे ७६. तिसरं: ११२. फरक ३६ आहे, कारण जास्तीचे १८ फूट जातानाही चालावे लागतात आणि येतानाही.

ब = १५/२ × [८० + १४ × ३६] = १५/२ × ५८४ = ४३८० फूट.

प्रश्नात "शेवटच्या कलमाला पाणी घालून तिथंच थांबला" असं असेल तर शेवटचं परतणं वजा करा. शेवटचं कलम २० + १४ × १८ = २७२ फुटांवर आहे. ४३८० − २७२ = ४१०८.

शब्दगणितात पहिली तीन पदं लिहून त्यांचा फरक तपासल्याशिवाय सूत्राला हात लावू नका, एवढंच मी सांगत असतो.

तीन किंवा चार पदं मानताना काय मानायचं?

अंकगणितीत तीन पदं: प − फ, प, प + फ. बेरीज घेतली की फ निघून जातो. तीन भावांची शेतं अंकगणिती श्रेढीत, एकूण १५ एकर, आकड्यांच्या वर्गांची बेरीज ८३. मधलं लगेच ५. मग ७५ + २फ² = ८३, फ = ±२. शेतं ३, ५, ७ एकर.

चार पदं: प − ३फ, प − फ, प + फ, प + ३फ. इथं खरा साधारण फरक २फ असतो, फ नव्हे. उत्तर लिहिताना इथंच पाय घसरतो. गुणोत्तर श्रेढीत तीन पदं प/ग, प, प×ग अशी माना, गुणाकारात ग उडून जातो.

बेरीज न च्या रूपात दिली आणि पद विचारलं तर?

न पदांच्या बेरजेतून (न − १) पदांची बेरीज वजा करा, न-वं पद उरतं. ब = ३न² + ५न असेल तर न-वं पद ६न + २, म्हणजे ८, १४, २०… न² च्या सहगुणकाची दुप्पट म्हणजे साधारण फरक, हे पडताळ्याला कामी येतं.

आणि ब = ३न² + ५न + १ असेल तर? तो सुटा १ सगळं बिघडवतो. पदं ९, १४, २०, २६ अशी येतात. पहिला फरक ५, पुढचे ६. पहिल्या पदापासून ती अंकगणिती नाही.

गुणोत्तर श्रेढी आमच्या रोजच्या कामात कुठे येते?

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सवाई आणि दिढी विचारा. पेरणीला बियाणं किंवा घरी खायला धान्य उसनं घेतलं की सुगीला सव्वापट परत करायचं, ती सवाई. दीडपट, ती दिढी. ज्यानं शाळेची पायरी चढली नाही त्यालाही हे गुणोत्तर तोंडपाठ असायचं, कारण त्याच्या घरातलं धान्य त्यावर जायचं.

६४ किलो ज्वारी सवाईनं घेतली आणि फेडता आलीच नाही, सगळं पुढच्या सालावर चढलं. ६४ चे झाले ८०, ८० चे १००, १०० चे १२५. ग = ५/४. आता वाढ वेगळी पाहा: १६, २०, २५. वाढसुद्धा त्याच गुणोत्तरानं वाढतेय. चक्रवाढ म्हणतात ती हीच. तेच व्याज सरळ असतं तर ६४, ८०, ९६, ११२, म्हणजे दर साल नेमके १६. सरळव्याज म्हणजे अंकगणिती श्रेढी, चक्रवाढ म्हणजे गुणोत्तर श्रेढी. तीन सालांत १३ किलोंचा फरक पडला.

न-वं पद काढायला प ला ग च्या (न − १) व्या घातानं गुणायचं. पुन्हा तेच कुंपण: तिसऱ्या सालाअखेरचं धान्य हे चौथं पद आहे, कारण पहिलं पद म्हणजे घेतलेलं ६४ किलो. म्हणून घात ३. इथं ४ घात लावणारे १५६.२५ किलो काढून बसतात, म्हणजे एका सालाचं व्याज जास्त.

दिढीनं गेलं तर दोनच सालांत मूळ धान्य सव्वादोन पट होतं. दामदुपटीचा जुना नियम, की थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागता येत नाही, कशासाठी होता ते या आकड्यांवरून कळतं.

आईच्या बचत गटाचा हिशेब यानं करता येतो का?

येतो, आणि करून दाखवाच. समजा दर महिन्याच्या सुरुवातीला २०० रुपये आणि महिन्याला १ टक्का चक्रवाढीनं वाढ. १२ महिन्यांनंतर किती?

प्रत्येक हप्ता किती महिने राहिला ते आधी ठरवा. पहिला हप्ता पूर्ण १२ महिने, दुसरा ११, आणि शेवटचा फक्त १ महिना. शेवटाकडून वाचलं तर २०० × १.०१, मग २०० × १.०१ चा वर्ग, असं बाराव्या घातापर्यंत. ही बारा पदांची गुणोत्तर श्रेढी, प = २०२, ग = १.०१.

गुणोत्तर श्रेढीची बेरीज: ग चा न वा घात काढा, त्यातून १ वजा करा, प नं गुणा, (ग − १) नं भागा. १.०१ चा बारावा घात १.१२६८२५. त्यावरून २०२ × ०.१२६८२५ ÷ ०.०१, म्हणजे जवळपास २,५६१ रुपये ८७ पैसे. भरले २,४००.

हप्ते महिन्याच्या शेवटी भरले असते तर प्रत्येकाचा एक महिना कमी झाला असता आणि रक्कम २,५३६ रुपये ५० पैशांच्या आसपास आली असती. प्रश्नात "सुरुवातीला" की "अखेरीस" हा एकच शब्द असतो. त्याच्याखाली पेन्सिलीनं रेघ मारा.

ग = १ असेल तर हे सूत्र वापरू नका, छेदात शून्य येतं. तिथं बेरीज सरळ न × प.

पदं संपतच नाहीत आणि तरी बेरीज ठरावीक येते, हे पटत नाही.

एक भाकर घ्या. अर्धी खा. उरलेल्यातली अर्धी खा. पुन्हा उरलेल्यातली अर्धी. १/२ + १/४ + १/८ + … कितीही वेळा खा, एका भाकरीच्या पुढे जाणार नाही. आणि उरलेला तुकडा हवा तितका लहान करता येतो, म्हणून बेरीज १ च्या हवी तितकी जवळ नेता येते. अनंत पदांची बेरीज १ आहे याचा अर्थ एवढाच.

सूत्र: प/(१ − ग). अट: ग हा −१ आणि १ यांच्यामधे असला पाहिजे. १ + २ + ४ + … ला हे सूत्र लावलं तर −१ येतं, धन संख्यांची बेरीज उणे. म्हणून उत्तर लिहिण्याआधी अट तपासल्याचं लिहा.

०.३६३६३६… चा अपूर्णांकही यातूनच: प = ०.३६, ग = ०.०१, बेरीज ०.३६/०.९९ = ४/११.

हरात्मक श्रेढीला बेरजेचं सूत्र का नाही?

अंकगणिती किंवा गुणोत्तरासारखं सुटसुटीत सूत्र तिला नाहीच, शोधत बसू नका. पद काढायचं असेल तर उलटं करा, अंकगणितीत सोडवा, पुन्हा उलटं करा. तिसरं पद १/८, सातवं १/२०, तर दहावं? उलटं केल्यावर तिसरं ८, सातवं २०. मधे चार उड्या, वाढ १२, म्हणून फ = ३ आणि प = २. दहावं २ + २७ = २९. उत्तर १/२९. परत उलटं करायला विसरून २९ लिहिणारे दरवर्षी दोन-तीन तरी निघतात.

एक गंमतशीर उदाहरण. २, ३, ६ ही हरात्मक श्रेढी आहे. उलटं केलं की १/२, १/३, १/६, फरक −१/६. चौथं पद काढा पाहू. १/६ − १/६ = ०, आणि शून्य उलटं करता येत नाही. ही श्रेढी तीन पदांतच थांबते. हीच मागून वाचली तर ६, ३, २, ३/२, ६/५, १… अशी खुशाल चालत राहते.

पदं शून्याकडे जातात, मग १ + १/२ + १/३ + … ची बेरीज कुठेतरी थांबत असेल ना?

नाही थांबत. पदं लहान होत जाणं पुरेसं नसतं, किती वेगानं लहान होतात त्यावर सगळं आहे. १/३ आणि १/४ मिळून अर्ध्याहून जास्त. १/५ ते १/८ ही चार पदं मिळून पुन्हा अर्ध्याहून जास्त. पुढची आठ पदं, पुढची सोळा, प्रत्येक गट अर्ध्याहून जास्त. अर्धे अर्धे असे कितीही मिळवता येतात, म्हणून बेरीज कोणत्याही संख्येच्या पुढे जाते. चौदाव्या शतकात फ्रान्समधल्या निकोल ओरेम यांनी हा युक्तिवाद मांडला. किती सुंदर आहे तो, आणि लागतं काय, तर अपूर्णांकांची तुलना.

चाल मात्र फार संथ. बेरीज २ च्या पुढे जायला ४ पदं, ३ च्या पुढे ११, ४ च्या पुढे ३१, आणि १० च्या पुढे जायला १२,३६७ पदं लागतात.

सायकलनं जाताना ताशी १२ किलोमीटर, येताना ताशी ८. सरासरी १० का नाही?

कारण ८ च्या वेगानं तुम्ही जास्त वेळ चालवता. गाव ते तालुका २४ किलोमीटर धरा. जायला २ तास, वारा समोरून लागला म्हणून यायला ३ तास. ४८ किलोमीटर पाच तासांत, म्हणजे ताशी ९.६. ही हरात्मक सरासरी: २ × १२ × ८ ÷ (१२ + ८) = ९.६. अंतर सारखं असेल तर हरात्मक, वेळ सारखा असेल तर साधी सरासरी.

साधी सरासरी १०, गुणोत्तर सरासरी ९६ चं वर्गमूळ म्हणजे ९.८ च्या जरा खाली, हरात्मक ९.६. दोन वेगवेगळ्या धन संख्यांसाठी हा क्रम कधी मोडत नाही. आणि १० × ९.६ = ९६, म्हणजे पहिली आणि तिसरी यांचा गुणाकार हा मधलीचा वर्ग. अकरावीत हे सिद्ध करायला लावतात.

मोटरपंपाचं गणितही याच घरातलं. एक पंप टाकी ३ तासांत भरतो, दुसरा ६ तासांत. रात्री लाईन आल्यावर दोन्ही लावले तर? तासाला १/३ + १/६ = १/२ टाकी, म्हणून २ तास. ३ आणि ६ ची हरात्मक सरासरी ४, तिच्या निम्मे २.

पोलीस भरती, तलाठी भरतीच्या संख्यामालिकांना हे उपयोगी पडतं का?

काही अंशी. आधी फरक काढा. फरक सारखे नसतील तर फरकांचे फरक काढा. २, ६, १२, २०, ३० मधे फरक ४, ६, ८, १०, म्हणजे पुढचा १२ आणि उत्तर ४२. ५, ११, २३, ४७ मधे फरक ६, १२, २४, ते दुप्पट होतात, म्हणून पुढचं ९५. एका प्रश्नावर एक मिनिटाच्या वर थांबू नका, पुढे चला.

दहावी मराठीतून झाली, अकरावीला सायन्स घेतलं. हाच धडा परका वाटतो.

गणित तेच आहे, नावं बदलली आहेत. क्रमिका म्हणजे सिक्वेन्स, पद म्हणजे टर्म, साधारण फरक म्हणजे कॉमन डिफरन्स, गुणोत्तर म्हणजे कॉमन रेशो, श्रेढी म्हणजे प्रोग्रेशन, पदांची बेरीज मांडली की सीरिज. पहिले पंधरा दिवस वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकान्यांत हे शब्द लिहा आणि रोज एक गणित मराठीत समजून इंग्रजीत मांडा. मराठी माध्यमातली हुशार मुलं या एका कारणानं मागच्या बाकावर जाऊन बसताना मी पाहिली आहेत आणि त्याचं मला वाईट वाटतं. अडलं की मराठीत विचारा. विचारण्यात कसली लाज?

आम्ही शिकलेलो नाही. घरी पोराचा अभ्यास कसा घ्यावा?

त्याला घरचे हिशेब द्या. कुंपणाचे खांब, गटाचे पैसे, विहिरीचा खर्च. उत्तर आलं की एवढंच विचारा, "कसं काढलंस, मले समजावून सांग." तुम्हाला समजेपर्यंत सांगता आलं तर त्याला आलंय.

सरावाला काही गणितं द्या.

कडब्याची गंजी. सगळ्यात खालच्या थरात २५ पेंढ्या, वरच्या प्रत्येक थरात एक कमी, सगळ्यात वर १०. एकूण पेंढ्या किती? आधी थर मोजा, आणि कुंपण आठवा.

३२ किलो धान्य दिढीनं घेतलं, चार सालं फेडलं नाही. किती झालं?

हरात्मक श्रेढीचं दुसरं पद १/७, सहावं १/२३. नववं काढा.

भरलेली बैलगाडी ताशी ४ किलोमीटर, त्याच वाटेनं रिकामी परतताना ताशी ६. सरासरी वेग?

उत्तरं क्रमानं: १६ थर आणि २८० पेंढ्या, १६२ किलो, १/३५, ताशी ४.८ किलोमीटर. पहिल्याचं उत्तर २७० आलं असेल तर तुम्ही थर पंधराच मोजले आणि वरच्या १० पेंढ्यांऐवजी ११ वरच थांबलात. सगळ्यात वरच्या १० पेंढ्या मोजायच्या राहिल्या. २६२.५ येत असेल तर शेवटचं पद १० धरलं, पण थर १६ ऐवजी १५ धरलेत. वही काढून नेमकी कोणती ओळ चुकली ते पाहा.